उरलेलं वाक्य पुढच्या फर्म्यात

रविवार, ता. ९

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. दाजींनाही सांग. तुझा खोकला गेला का? इकडे चाललंय आमचं. बाबांनी नवीन चपला घेतल्या, त्या चावतात, म्हणून जुन्याच घालतात आणि नव्या पुसून ठेवतात.

पुस्तकं बांधायच्या कारखान्यात मी आता रुळले. सगळ्या मला मुकी म्हणतात, पण प्रेमानं. माझं काम दुमडायचं. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. एका बाईकडे एकच फर्मा, दिवसभर तोच. त्यामुळे कुठलंही पुस्तक आलं तरी मला मधली सोळा पानं पाठ, पुढचं-मागचं काही माहीत नाही. एका कादंबरीतल्या मुलीचं लग्न झालं की मोडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

सध्या शरीराचं पुस्तक आलंय. शाळा सुटलेल्यांनाही समजेल असं लिहिलंय, म्हणजे माझ्यासारखीलाच. आपलं शरीर कसं बनवायचं ते प्रत्येक पेशीत लिहिलेलं असतं म्हणे, एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. मला मजा येत होती. म्हटलं, बघ, माझं नाक आईचं का ते कळलं.

मग शेवटचं पान आलं. ताई, त्यात आई होती.

म्हणजे नाव नव्हतं. पण हात आपोआप नाचतात, चालताना झोक जातो, लोकांना वाटतं प्यायलाय, जीभ अडखळते, आधी शांत असलेलं माणूस उगाच चिडतं. सगळी आईच. आई होती तेव्हा डॉक्टर आपल्याला नुसतं नसांचं म्हणाले होते ना? आणि पानाच्या तळाला लिहिलं होतं, 'आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला हा आजार असेल, तर मुलांपैकी निम्म्यांना'. संपला माझा फर्मा. उरलेलं वाक्य पुढच्या फर्म्यात, पलीकडच्या टेबलावर.

मी उठून विचारायला हवं होतं. पण तुला माहितीये मी कशी आहे. मी आपला हिशेब केला. आपण दोघी. निम्म्या म्हणजे एक. ती मीच असणार, नाक तर माझंच आईसारखं. खरं सांगू का, भीती वाटली, पण एकीकडून हलकंही वाटलं. ताई सुटली, तिला बाळ हवंय, तिचं नीट होईल. मग रोज सकाळी आरशासमोर हात पुढे धरून बघायचे, हलतात का. बघत राहिलं की हलतातच गं.

शेवटी मागच्या आठवड्यात धीर केला. पलीकडे चष्मेवाली बाई बसते.

"तुमचा एक खराब झालेला कागद द्याल?"

"अगं बाई, मुकी बोलली! कशाला, डबा गुंडाळायला?"

"वाचायला."

"ने की. मी नुसते कोपरे जुळवते बाई, आत हत्ती आहे का उंदीर, मला काय ठाऊक!"

पुढे होतं, 'तो होतो, असा हिशेब लोक मांडतात. तो चूक आहे. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं. आधी काय पडलं, ते नाण्याला आठवत नाही.'

म्हणजे दोघींनाही असेल, किंवा एकीलाही नसेल. मला असलं म्हणून तू सुटत नाहीस.

मागच्या खेपेला तुझ्या हातून कप पडला. तू म्हणालीस, कान तेलकट होता. मी पण हसले. मग जिन्यात पाय चुकला. संध्याकाळी दाजींवर केवढी ओरडलीस, आणि कशावरून तर खिडकीवरून. मी सगळं बघितलं होतं. पण एकीलाच होतं आणि ती मी, असं धरलं होतं ना, म्हणून मनावर घेतलं नाही. आता ते डोक्यातून जात नाही.

बाबांना विचारलं, आईच्या वडिलांना काय झालं होतं? म्हणाले, "कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, कोणी नाही. "पडायचे फार," म्हणाले आणि रेडिओ मोठा केला.

मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. केसपेपरच्या खिडकीपर्यंत जायचे आणि मागे फिरायचे, शेवटी एका नर्सनंच हटकलं. ती चांगली होती. म्हणाली, रक्तावरून कळतं, पण अठरा पूर्ण लागतात. आधी बसवून बोलतात, बरेच जण तपासणी न करताच परत जातात, कोणी जबरदस्ती करत नाही. बरं करणारं औषध अजून नाही. आणि कप पडला म्हणजे तेच असं नाही, कप सगळ्यांचेच पडतात, असंही म्हणाली. हे दोनदा वाच.

माझ्या अठराला अजून वेळ आहे. तू आत्ता जाऊ शकतेस. जा म्हणत नाही मी. न सांगता गप्प बसले असते, पण तुमचं बाळाचं चाललंय, ते तुला माहीत नसताना ठरायला नको. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुला कळून घ्यायचं नसेल तर मी परत कधी विषय काढणार नाही. मी माझी अठराची झाले की जाईन. फक्त एक मला आधी सांगून ठेव. माझं काही निघालं, तर तुला सांगू का नको?

तुझी, फार घाबरलेली,
धाकटी