विचार बदलायचे साठ दिवस

३ डिसेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, तुम्ही सगळे खुशाल असाल. नऊ वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करावी हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून बाबांनी शिकवलेल्या जुन्या पद्धतीनंच केली. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फाडून टाकलं नाहीस, एवढं धरून पुढे लिहिते.

आधी माझा गुन्हा सांगते. तुला न विचारता मी एका सरकारी अर्जात तुझं नाव लिहून बसले आहे.

आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. सरकारमार्फत, रीतसर. नोंदणी कॉम्प्युटरवर झाली, रांगेत नंबर लागला. आता घर पाहून अहवाल लिहायला कार्यालयातून एक बाई येतात. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची जाड वही असते, म्हणून आम्ही त्यांना वहीवाल्या बाई म्हणतो. कॉम्प्युटरवर भरलेलं सगळं त्या पुन्हा हातानं लिहून घेतात. आम्हा दोघांच्या वयाची तिथे बेरीज करतात, ठाऊक आहे? बेरीज जितकी मोठी, तितकं मोठं मूल. आमची बेरीज बरीच भरली, त्यामुळे तान्हं मिळायचं नाही. तीन-चार वर्षांचं येईल. मला चालेल. उलट बरं, आल्या आल्या भांडेल तरी.

तर त्या अर्जात एक रकाना आहे. तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलाचा सांभाळ कोण करील? नाव, नातं, पत्ता. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण सरकारच्याही कानावर गेलेली दिसते. यांना ना भाऊ ना बहीण. आणि माझा हात आपसूक चालला. कॉलेजच्या वसतिगृहापासून जिथे जिथे ‘अडचणीत कुणाला कळवावे’ असं छापलेलं असतं, तिथे मी तुझंच नाव लिहीत आलेय. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. यांनी पाहिलं. हे पाणीखात्यात नळांचे नकाशे काढतात, चूक दिसली की खोडरबर घेऊन तयारच असतात. पण त्या रकान्याला त्यांनी हात लावला नाही.

आमच्या वयामुळे त्या सांभाळणाऱ्याचा संमतीचा कागद लागतोच. तुझी सही झाल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही, आणि अहवालाशिवाय आम्हाला कुठलंच मूल दाखवणार नाहीत. वहीवाल्या बाई वीस तारखेला तुझ्याकडे यायचं म्हणतायत. त्यांच्या तोंडून तुला कळलं असतं तर तू मला जन्मात माफ केलं नसतंस. म्हणजे, आधीचं तरी माफ केलं आहेस की नाही, तेही मला ठाऊक नाही.

बाईंच्या पहिल्या भेटीची गंमत सांगते. यांनी आदल्या आठवड्यात आमच्या घराचा नकाशा काढला, मापासकट. टेबलाचे कोपरे, गच्चीचा कठडा, बाथरूमची कडी, लहान मुलाला लागेल असं सगळं लाल पेन्सिलीनं दाखवलं. बाई आल्या तसा तो त्यांच्यापुढे पसरला. त्या म्हणाल्या, “अहो, घर दाखवा ना. मी इथेच उभी आहे.” मग त्यांनी यांना विचारलं, मूल खोटं बोललं तर काय कराल? हे म्हणाले, “गळती दिसते तिथे नळ फुटलेला नसतो. मागे जाऊन बघावं लागतं.” बाईंनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी दुकानात इतकी वर्षं काचा घासतेय, माणसांना चष्मे बसवतेय, पण या माणसाकडे मीच नीट पाहिलं नव्हतं असं त्या दिवशी वाटलं.

मग बाईंनी आतली छोटी खोली उघडली. पिवळ्या भिंती, खिडकीला ठिपक्यांचा पडदा, भिंतीवर उंची मोजायची पट्टी. पट्टीवर एकही खूण नाही. बाई म्हणाल्या, “ही तयारी जुनी दिसते.” मी म्हटलं, पाहुण्यांच्या मुलांसाठी केली होती. हे माझ्याकडे बघत राहिले. बाईंनी काही लिहिलं नाही, नुसतं पेनाला टोपण लावलं.

तुझी मुलं कशी आहेत? थोरले दोघं आता तुझ्या खांद्यावरून वर गेले असतील. दाजींची पाठ? दुकानात तुमच्या गावाकडचं कुणी आलं की चष्मा बसवता बसवता मी विचारते, कळतं थोडंफार.

बघ, तीन पानं झाली आणि मी अजून तिचं नाव काढलं नाही.

ताई, दर वर्षी तिच्या वाढदिवसाला तू पाकीट पाठवतेस. मी एकही फोडलं नव्हतं. फेकलंही नाही. काचा पुसायच्या फडक्यांच्या डब्यात तळाशी ठेवत गेले. बाई गेल्यावर तो डबा काढला आणि नऊच्या नऊ पाकिटं एका बैठकीत फोडली. प्रत्येक फोटोच्या मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ. ‘भिंगरी एक वर्षाची.’ ‘भिंगरी दोन वर्षांची.’ बाकी एक शब्द नाही. एकाही फोटोत पाय जमिनीला टेकलेले नाहीत तिचे, नाव शोभतं. सातव्या फोटोत तिला चष्मा लागलाय. कुणी बसवला गं तो? नाकावरून घसरलाय, दांड्या कानामागे सैल आहेत, बिचारी मान वर करून बघतेय. मी इतकी रडले की यांनी पाणी आणून दिलं आणि फोटो भिजू नयेत म्हणून लांब सरकवले.

आता लिहिते. तुझ्या स्वयंपाकघरात तू म्हणाली होतीस, “दोन आहेत मला. हे तिसरं तुझं.” ना कागद, ना सही. घरातल्या घरात ठरलं. मी भिंती रंगवल्या. अकराव्या दिवशी नवी दुलई घेऊन आले तेव्हा तू तिला छातीशी धरून दारात उभी होतीस. म्हणालीस, “मला नाही जमत गं.” एवढंच. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. ‘शब्द गिळलास, तुला सुख लागायचं नाही.’ ओल्या बाळंतिणीला म्हणाले मी हे. दुलई उंबऱ्यावर टाकून जिना उतरले.

नऊ वर्षं मी ही गोष्ट स्वतःला एकाच बाजूनं सांगत आले. परवा वहीवाल्या बाई दुसऱ्यांदा आल्या. मी सहज विचारलं, ही मुलं तुमच्याकडे येतात कशी? म्हणाल्या, काही सापडलेली असतात, काही आया स्वतः आणून देतात. आई सही करते, मग आम्ही साठ दिवस थांबतो. मी म्हटलं, सरकारी काम अन् सहा महिने थांब. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते साठ दिवस तिचे असतात. विचार बदलायचे. मन फिरलं तर येऊन बाळ घेऊन जायचं.”

“फिरतं मन?”

“फिरतं कधीकधी. आम्हाला बरंच वाटतं मग.”

मी विचारलं, आणि ज्यांना ते बाळ मिळायचं असतं त्यांचं काय? बाई म्हणाल्या, “त्यांना कळतच नाही. साठ दिवस आम्ही ते बाळ कुणाला दाखवतच नाही. आई हो म्हणाली म्हणजे झालं, असं नसतं हो ते.”

ताई, सही करून बाळ सोडणाऱ्या अनोळखी बाईला सरकार साठ दिवस देतं, आणि वर तिला कुणी बोल लावत नाही. मी माझ्या सख्ख्या बहिणीला अकरा दिवस दिले. त्याच दिवशी तोडून टाकलं. चुकले मी. तू तेव्हा चूक नव्हतीस. हे एवढं लिहायला मला इतक्या पानांचा वळसा लागला.

बाईंना खोलीचं खरं सांगून टाकलंय. त्यांनी ते लिहून घेतलं. अहवालावर काय परिणाम होईल ते होवो.

कागद सोबत आहे. माझी कीव येऊन सही करू नकोस, आणि रागानं लगेच परतही पाठवू नकोस. वीस तारीख टळली तर टळली, रांगेत मागे जाऊ. तू तुझे साठ दिवस घे. ते तुला तेव्हाच द्यायला हवे होते.

तुझ्या दारात फक्त दुलई ठेवून गेलेली,
तुझी बारकी


९ डिसेंबर

बारके,

अनेक आशीर्वाद. नमस्कार-चमत्कार पोचला. पत्र मी दारातच उभी राहून वाचलं. तुझ्या दाजींनी विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, बारकीचं. ते पाठ धरून उठले आणि काही न सुचून जिन्यातला दिवा लावून आले, भर दुपारी.

तू सगळी चूक एकटी घेऊन बसलीस, ते मला मान्य नाही. वाटून घे. शब्द तू मागितला नव्हतास, मी दिला होता. माझे जुने फ्रॉक तुला देत आले, तसंच हेही देऊन मोठेपणा मिरवीन अशी माझी मिजास. दुसऱ्या दिवशी पोरीनं माझं बोट धरलं आणि मला कळलं की हे व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी, बारके. तुला सांगितलं अकराव्या. मधले नऊ दिवस तू तिकडे भिंती रंगवतेयस हे मला ठाऊक होतं. फोन करायला हात धजला नाही. मन फिरलं त्याची लाज मला कधीच वाटली नाही, त्या नऊ दिवसांची वाटते. म्हणून तर फोटोंमागे दुसरी ओळ लिहायचं धाडस झालं नाही.

भिंगरीला परवा सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, मग म्हणाली, “म्हणजे मावशी माझ्यावर रागावली नव्हती ना?” मी म्हटलं, नाही. लगेच दुसरा प्रश्न, “मग चष्मा तीच नीट करणार?” रविवारी सकाळच्या बसनं तिला घेऊन येतेय. दांड्या आवळायच्या आणि त्या पिवळ्या खोलीतल्या पट्टीवर पहिली खूण तिचीच करायची. पट्टी कोरी ठेवू नये. येणाऱ्याला भावंड आहे हे भिंतीवरून कळू दे.

दुलई मी वापरली नव्हती. नऊ वर्षं घडी मोडलेली नाही. तीन-चार वर्षांच्या पोराला ती अपुरी पडेल, पाय उघडे राहतील. पोटापुरती होईल. तीही आणतेय.

वहीवाल्या बाईंना वीसला खुशाल येऊ दे. कागद भरून सोबत पाठवलाय. साठ दिवस नकोत मला, सहाच पुरले, आणि त्यातला एक तर पोस्टानं खाल्ला. नाव, पत्ता, सही, सगळं केलंय. ‘अर्जदाराशी नातं’ इथे बहीण लिहिलं. खाली ‘मुलाशी नातं’ असा एक रकाना होता, आणि कंसात छापलंय की मूल ठरल्यावर भरावे. मी थांबले नाही. भरून टाकला. बाई ओरडल्या तर सांग, आमच्याकडे या वेळी मन फिरायचं नाही.

मावशी