कोपऱ्यावरच्या बंद हॉटेलच्या जागेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, करमणूक बाजारातल्या कोपऱ्यावरच्या जागेची मालकीण, वय चौऱ्याहत्तर, सगळ्या बाजारात 'गल्ल्यावरच्या काकू' म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, भानावर आणि दुपारची डुलकी काढून ताजीतवानी असताना हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आणायला आले होते, त्यांची हकीकत कलम तीनमध्ये आहे. वकीलबाईंनी एक मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठेच सापडेना, म्हणून कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आहेत आणि बाकीचे माझे घातले आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हा प्रश्न एकदा भर सभेत निघालेला असल्यामुळे त्याचा पक्का बंदोबस्त या कागदाच्या शेवटी केला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मिळकत. तळमजल्यावरचा हॉल, त्यामागचं स्वयंपाकघर आणि वरच्या दोन खोल्या. चतुःसीमा येणेप्रमाणे: उजवीकडे स्केटिंगचा रिंक, डावीकडे चपलांचं दुकान, समोर सिनेमा, मागे भुताचं घर. भुताच्या घरातून दिवसभर किंकाळ्या येतात, त्यांची सवय होते.

ही सगळी मिळकत माझ्या एकटीच्या नावावर आहे. आमच्या बाजारात बहुतेक दुकानं बायकांच्याच नावावर आहेत. नवऱ्यांनी ती कर वाचवायला तशी केली आणि मग विसरून गेले. आमच्या यांचं कारण वेगळं होतं. हे आमच्या हॉटेलचे मालक, स्वयंपाकी आणि भांडकुदळ, तिन्ही होते. कागद करायच्या दिवशी म्हणाले, "माझे हात कायम तेलकट. तुझं अक्षर बरं आहे, तूच सही कर." त्या वाक्यामुळे पुढे एक लढाई जिंकली गेली, म्हणून ते इथे नोंदवून ठेवते.

कलम २. हॉटेल बंद पडल्याबद्दल. हे गेले त्या सकाळी मी शटर खाली ओढलं. ते परत उचलायचं धैर्य मला झालं नाही. दुसरा स्वयंपाकी ठेवता आला असता, तसे दोघेतिघे येऊनही गेले, पण यांच्या पळीला दुसऱ्याचा हात लागलेला मला बघवेना. टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या एकावर एक रचल्या आणि मी वरच्या खिडकीत बसून राहिले. मला त्या दिवसांत जगायची इच्छा नव्हती, हे स्पष्ट लिहिते.

लोक भेटायला आले. तोंडाने हळहळले आणि जाताना जागेचं माप घेऊन गेले. तेव्हापासून इथे काय व्हावं याचे सल्ले सुरू झाले. आइस्क्रीमचं दुकान, आरशांचा भूलभुलैया, एक म्हणाला भुताचं घर छान चालतंय तर त्याची शाखा काढा. मी म्हटलं, सध्या इथे मीच बसते, वेगळं भूत लागणार नाही. माझे दीर तर पंधरवड्यात विचारून गेले की मोठं पातेलं आता तुम्हाला काय करायचंय.

कलम ३. नाच कसा सुरू झाला आणि कोणी अडवला. आमचे हेडवेटर, सगळे त्यांना 'तरंगे' म्हणतात कारण ते चालत नाहीत, तरंगतात, ते दर मंगळवारी दुपारी मागच्या दाराने येऊन हॉल झाडायचे. कोणी सांगितलं नव्हतं. जुने आणखी तीन वेटर त्यांच्याबरोबर असत. एका मंगळवारी शेजारच्या रिंकमध्ये गाणं लागलं होतं, आमची भिंत पातळ, आणि मोकळा हॉल बघून या चौघांना नाचायची लहर आली. मी जिन्यावरून बघत होते. जन्मभर भरल्या टेबलांमधून वाकडीतिकडी वळणं घेऊन एकदाही कोणाला न धडकलेली माणसं मोकळ्या जमिनीवर एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली. एकाची कवळी पडली.

तरंगे खजील होऊन म्हणाले, "काकू, हात रिकामे असले की पाय कुठे टाकायचा तेच कळत नाही."

मी खाली उतरले, फळीवरचे ट्रे काढले आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक ट्रे, त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला. मग ते जे नाचले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि हे लिहिण्यासाठी याहून योग्य कागद नाही. एक थेंब सांडला नाही. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता रडले. त्या संध्याकाळी मी स्वतः शटर उचललं.

पुढच्या मंगळवारी चपलांच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. दुपारी जेवणाची वेळ उलटल्यावर संध्याकाळच्या खेळापर्यंत बाजारात माशा मारायचं काम असतं. मग खेळण्यांच्या दुकानातल्या सासूबाई आल्या, मग घड्याळवाल्यांची बायको, मग सगळ्याच. तरंग्यांची शिकवणी एका वाक्याची: नजर ग्लासवर ठेवायची नाही, दारावर ठेवायची. ग्लासकडे बघितलं की हात घाबरतो. आमच्या बाजारात करमणूक ढीगभर आहे, पण साठीच्या पुढच्या माणसाने तिथे करायचं काय, तर नातवंडांच्या पिशव्या धरून उभं राहायचं. आमच्या हॉलमध्ये फक्त ट्रे धरायचा असतो.

हे बाजार समितीच्या अध्यक्षांना खपलं नाही. त्यांना सगळे मागून 'फीतकापे' म्हणतात, आता पुढूनही म्हणतील. कुठेही काही उघडणार असलं की हे कात्री घेऊन हजर. समितीचा नियम असा की जागा मालकाची, पण बंद पडलेल्या दुकानात पुढे काय चालावं ते दुकानदारांच्या मतांनी ठरतं. फीतकाप्यांना इथे पिपाण्या वाजवणाऱ्या गेमच्या मशीनांचा हॉल हवा होता, फीत म्हणे मागवून झाली होती. दुःखाची गोष्ट, माझा मुलगा त्यांच्या बाजूने होता.

सभेत फीतकापे उभे राहिले आणि म्हणाले, "काकूंचं डोकं आता ठिकाणावर राहिलेलं नाही. गेलेल्या माणसाच्या हॉटेलात म्हाताऱ्यांना नाचवायला निघाल्या आहेत. आपणच त्यांना सांभाळून घेतलं पाहिजे." मला राग आला नाही, लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

स्केटिंगचे मास्तर आणि भुताच्या घरातलं भूत, दोघे आपापल्या जागेत भाडेकरू आणि दोघे माझ्या बाजूचे. त्यांना उडवायला फीतकाप्यांनी जाहीर केलं की ज्याच्या नावावर दुकान, त्याचंच मत. इथे माझी सून उठली. माझं आणि तिचं लग्नाच्या हळदीपासून पटलेलं नाही. ती मिठाला हात सैल सोडते, आणि मी बोलताना जीभ सैल सोडते असं तिचं म्हणणं. ती मवाळ आवाजात म्हणाली, "नियम चांगला आहे. लिहून टाका, म्हणजे सगळ्यांना सारखा लागेल." फीतकाप्यांनी खूश होऊन स्वतःच्या हाताने लिहिला आणि वाचूनही दाखवला.

मग सुनेने दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात मालकिणी उभ्या होत्या. सगळ्या माझ्या मंगळवारच्या. नवरे एकेक करून खुर्चीवरून उठले, कारण आता तिथे बसायचा त्यांना हक्क उरला नव्हता. चपलांच्या दुकानाच्या मालकीणबाई या फीतकाप्यांच्याच सौभाग्यवती. ते कुजबुजत काहीतरी समजवायला गेले, तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "दुकान माझ्या नावावर तुम्हीच केलंत ना? मग मत पण माझंच."

मतं मोजायला घेतली, पण मोजायची गरज नव्हती. माझा हॉल माझ्याकडे राहिला. उद्घाटनाची फीत मी कापू दिली नाही, ती तरंग्यांच्या ट्रेला बांधली.

कलम ४. हॉल आणि स्वयंपाकघर. माझ्या पश्चात ही दोन्ही माझ्या सुनेने पूर्ण मालकी हक्काने घ्यावीत. कारण वर आलंच आहे. वीस वर्षं मला वाटत होतं की ही घुमी आहे. ती घुमी नव्हती, वेळेची वाट बघत होती. तिच्या मिठाबद्दल माझं मत बदललेलं नाही. अट एकच: जोवर चार माणसं नाचायला येतात तोवर हॉल नाचाचाच राहील. उद्या नाच नको झाला तर काय व्हावं हे मी ठरवत नाही. येणाऱ्यांना विचारावं, फक्त जागेचं माप घेऊन येणाऱ्यांना विचारू नये.

कलम ५. वरच्या दोन खोल्या माझ्या मुलाला. त्याने खालच्या गाण्यांबद्दल तक्रार करायची नाही. तो गेमच्या मशीनांच्या बाजूने का होता हे मला मतदानानंतर कळलं. जिन्यात बसून म्हणाला, "आई, तो हॉल रिकामा दिसला की बाबा दिसतात. मला तिथे काहीतरी गोंगाट हवा होता, बाकी काही नाही." त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्यावर माझा जीव आहे, पण जीव असणं वेगळं आणि हॉल देणं वेगळं.

यांची पळी आणि यांचा एप्रन मी त्याच्यासाठीच ठेवला आहे, मात्र हातात आणून देऊ नये. एका मंगळवारी त्याने स्वयंपाकघराच्या दारातून भरला ग्लास ट्रेवर घ्यावा, हॉल ओलांडून रस्त्याकडच्या दारापर्यंत जावं आणि मग या वस्तू घ्याव्यात. पाणी सांडलं तरी चालेल. तरंग्यांनी त्याला फक्त आठवण करावी की नजर दारावर ठेव.

कलम ६. जंगम वस्तू. सगळे ट्रे आणि फळी तरंग्यांना. ते हयात असेतो हॉलमध्ये शिकवणी त्यांचीच चालेल, आणि हॉलच्या कमाईतून त्यांना दुपारचं जेवण गरम मिळेल.

माझी गल्ल्यावरची उंच खुर्ची मालकिणींपैकी जिचे पाय दुखत असतील तिने घ्यावी. आळीपाळीने घेतली तरी चालेल.

मोठं पातेलं दिरांना द्यावं. झाकण देऊ नये. झाकण स्केटिंगच्या मास्तरांच्या भिंतीवर टांगलेलं आहे, ते गाण्याच्या तालावर वाजवतात, त्यांच्याकडेच राहू द्यावं.

बँकेत जे काही आहे ते मुलगा आणि सून यांना निम्मं निम्मं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ७. मी गेल्यावर. यांच्यासाठी मी शटर ओढलं आणि कितीतरी दिवस उचललं नाही. तेव्हा मला वाटलं, हेच प्रेम. आज मला तसं वाटत नाही. हे असते तर म्हणाले असते, भट्टी थंड का केलीस. म्हणून माझ्यासाठी शटर अर्धंसुद्धा खाली येता कामा नये. तो दिवस मंगळवार असला तर शिकवणी ठरल्या वेळी व्हावी. ज्याला रडू येईल त्याने ट्रे हातात घेऊन रडावं, म्हणजे तोल राहील.

कलम ८. अंमलबजावणी. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते. त्या अजून ट्रे डाव्या हातात धरतात, तेवढं सुधारावं.

कलम ९. साक्षीदारांबद्दल. वकीलबाईंनी सांगितलं की साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला मृत्युपत्रातून काही देऊ नये, नाहीतर पुढे भांडणं होतात. हे ऐकल्याबरोबर साक्षीदार म्हणून कोणाला बोलवायचं ते मला सुचलं. त्यांच्या सौभाग्यवतींना द्यायचा होता तो माझा चांदीचा पानडबा मी कालच हाताने देऊन टाकला.

फीतकापे आले. येतील असं वाटलं नव्हतं. ते आता मंगळवारी मागच्या रांगेत असतात, ग्लासकडे टक लावून बघतात आणि बाही भिजवून घरी जातात. मी पेन पुढे केलं आणि म्हटलं, साक्षीदाराने काय लिहून द्यायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं आणि लिहिलं.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

स्थळ: हॉल, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: १० मार्च, मंगळवार, शिकवणीच्या आधी

सही: गल्ल्यावरच्या काकू (कागदोपत्री नाव वकीलबाईंच्या मुख्य प्रतीत आहे)

साक्षीदार १: स्केटिंगचे मास्तर. सही समक्ष केली. झाकणाबद्दल वाचलेलं नाही.

(साक्षीदार एक यांना काय सांगायचं ते वकीलबाई बघतील. झाकण मी त्यांना आजच, सहीच्या आधी, बक्षीस दिलं असं धरावं.)

साक्षीदार २: अध्यक्ष, बाजार समिती. मी लिहून देतो की मृत्युपत्र करणाऱ्या काकूंना मी आज समोर बसून पाहिलं, त्यांच्याशी बोललो, आणि त्यांचं डोकं पूर्णपणे ठिकाणावर आहे. पूर्वीही होतं.