पाण्यातली साखर

आई, आज बाबांना फोन करून सांगितलं की त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी नालवाडीला पोचणार नाही. मोतीबिंदूचं तर आहे, शेजारचे काका सोबत येतील, असं उलट तेच मला समजावत बसले. मग म्हणाले, "तू असती त बरं वाटलं असतं व." फोन ठेवल्यापासून काही करावंसंच वाटत नाही. फार थकले आहे. म्हणून तुला लिहायला बसले.

माझं काम तुला कधी सांगता आलं नाही. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी तू गेलीस. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचं सगळं त्याच्या जिवावर चालतं. त्यात सारखे बदल होतात, आणि बदलानंतर तो नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, मी लिहिते. तुझ्या लॅबमधल्यासारखंच, तपासणीचं काम. इथे पुण्यात आमच्याकडे नव्या जातीचा प्रोसेसर आला आणि जुन्या स्क्रिप्टना तो ओळखता येईना. त्यांना तो शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते संपलं की रजा, असं साहेबांनी कबूल केलं होतं. कित्येक आठवडे त्यातच गेले. परवा दुपारी सगळ्या चाचण्या लावल्या आणि चहा पिऊन येते तर निकाल तयार, एकही चूक नाही. साहेब खूश. रजा मंजूर झाली, मी नालवाडीला जायला वर्ध्याचं तिकीटही काढलं.

तेवढ्यावर गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण निकाल फारच लवकर आला होता, आणि मला नेमकी तू आठवलीस. तुझ्या लॅबमध्ये रक्तातली साखर मोजायचं नवीन मशीन आलं, तो दिवस. शाळेत गॅदरिंग आहे, मी नाचात आहे, मला नऊवारी नेसवायला तू दुपारी येणार आहेस. मी स्वयंपाकघरात साडी मांडीवर घेऊन बसले आहे आणि तुझी सायकल काही वाजत नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी जमेल तशी नेसवली. ती ऐन नाचात सुटली आणि सगळी शाळा हसली. तू आलीस तेव्हा मी भांडी आपटत होते. नवीन मशीन आलं की तू आधी त्यात नुसतं नळाचं पाणी घालायचीस, ही तुझी सवय. त्या दिवशी मशीननं पाण्यात साखर दाखवली. चालू द्या हो, असं डॉक्टर म्हणत होते, पण तू सगळे नमुने जुन्या पद्धतीनं हातानं तपासत बसलीस. का आली नाहीस म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "पाण्यात साखर दाखवून राह्यलं ते. त्याचं काऊन ऐकू मी?" बस, एवढंच बोललीस आणि कणीक मळायला घेतलीस. माझा नाच कसा झाला हे तू विचारलंसुद्धा नाहीस. मला तो राग फार वर्षं पुरला.

तर काल मीही पाणी घालून बघितलं. मुद्दाम मोडलेला, धड सुरूही होणार नाही असा कर्नल स्क्रिप्टला दिला. उत्तर तेच, एकही चूक नाही. मग शोधत बसले. जी चाचणी आपल्या प्रोसेसरची नाही ती सोडून द्यायची, अशी जुनी सूचना आत होती. तिला नवा प्रोसेसर शिकवायचा राहिला होता, म्हणून तिनं झाडून सगळ्याच चाचण्या सोडून दिल्या होत्या. शेवटी स्क्रिप्ट मोजते त्या फक्त चुका, आणि काही तपासलंच नाही तर चूक कुठून निघणार? आठ दिवस जाऊन आल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तोवर माझ्या शब्दावर तो कर्नल लोकांच्या कॉम्प्युटरवर गेला असता. आज सकाळी साहेबांना सांगितलं. त्यांनी स्क्रिप्ट दुरुस्त करून सगळ्या चाचण्या पुन्हा लावायला सांगितल्या. मग म्हणाले, रजेचं नंतर बघू.

तिकीट रद्द करून आले तेव्हापासून मनातल्या मनात तुला विचारते आहे, मी बरोबर केलं ना? आणि तू दर वेळी म्हणतेस, "बरोबर केलं." आई, तू असताना हे मला एकदाही म्हणाली नव्हतीस. या आवाजात पाणी घालून बघायची मात्र माझी हिंमत होत नाही.