शंभर ग्रॅममागे साखर

ठाकूरद्वार,
सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. मधुरा,

तुला आणि गंधारला आशीर्वाद. त्याचा खोकला थांबला का? इथे हवा बरी आहे. सकाळी खालच्या देवळातली घंटा वाजली की मला अजून शाळाच भरल्यासारखी वाटते आणि तोंडात आपसूक एखादा श्लोक येतो. दात गेले, वृत्तं राहिली.

फोन का केला नाही, म्हणशील. फोन गंधार उचलतो, आणि हे मला लेकाच्या आधी सुनेला सांगायचं आहे.

गेल्या आठवड्यात तू माझा सदरा धुवायला घेतलास आणि खिशातून वेष्टनं निघाली.

"बाबा, हे काय?"

"वेफर."

"ते दिसतंय मला. चॉकलेटचे! डायबेटिस तुम्हाला आहे ना, की घरातल्या उंदराला?"

मग मला खिडकीपाशी बसवून हातात भिंग दिलंस आणि वेष्टनावरचा तक्ता मोठ्याने वाचायला लावलास. शंभर ग्रॅममागे साखर चाळीस. म्हणजे वीस ग्रॅमच्या पुड्यात आठ, जवळजवळ दोन छोटे चमचे. प्रथिनं? पुड्यामागे एक ग्रॅम. "यातून पोटाला मिळतं काय, सांगा बरं? आता पुडा हातात घेतला की आधी असंच मोठ्याने वाचायचं. हीच शिक्षा!"

मी मान खाली घातली. तुला वाटलं, शरमलो. पण पोटाला काय मिळतं, हे तू विचारलंस ना, ते मला फार लागलं.

मधुरा, ते वेफर मी खात नव्हतो.

लीला माणसं विसरली, नावं विसरली, हे तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीनंतर ती घासही विसरली. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायची. तू प्रेमाने पाठवायचीस ते कांदा-बटाट्याचं भुजणं, तो मऊ भात मी खायचो, नाहीतर तिच्या देखभालीला येणाऱ्या कौसल्याबाईंना द्यायचो, आणि डबा घासून परत. तुला वाटायचं, सासूबाई जेवतात. "खाणं सुटलं तर नळी घालावी लागेल, मग घरी जमायचं नाही," असं डॉक्टर गंधारला म्हणाले होते. ते माझ्या कानावर पडलं होतं. या घरातून तिला नेतील, या भीतीने मी गप्प राहिलो.

एक दिवस कौसल्याबाईंनी स्वतःसाठी आणलेला वेफर टेबलावर राहिला. लीलाने तो उचलला, लहान मुलासारखे थर सोडवले आणि आतलं चॉकलेट चाटलं. मला केवढा आनंद! तेव्हापासून तेच चालू होतं. वाटायचं, मी तिला जगवतोय. आणि तू सांगितलंस, पुड्यामागे एक ग्रॅम.

दुसऱ्या सकाळी शिक्षा म्हणून वाचायला बसलो. माझं वाचन तुला माहीतच आहे, मी लाइटचं बिलसुद्धा चालीत म्हणतो. "ऊर्जा पाचशे वीस, प्रथिने ती पाच, कर्बोदके बासष्ट..." एवढ्यात चष्मा घसरला, म्हणून थांबलो.

"पुढे?"

लीला म्हणाली गं! बालवर्गावर शिकवायची तेव्हा मूल ओळीत अडलं की भुवया उडवून ती असंच विचारायची. तोच आवाज.

मी म्हटलं, "साखर चाळीस," आणि मुद्दाम थांबलो. "पुढे?" म्हणून तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. कौसल्याबाई वरणभाताची वाटी घेऊन मागे उभ्या होत्या. कुजबुजल्या, "काका, घाला की! बघत काय बसलाय?" मी घास घातला. तिने गिळला.

आता रोज असंच जेवण. शाळेतल्या माझ्या लाडक्या कविता म्हणून पाहिल्या, तर बाईसाहेब तोंड फिरवतात! त्या तिला पाठ असाव्यात, पुढचं विचारायची गरज कुठे? तिला तक्ताच हवा. सोडियमपाशी आलो की हसते. वेष्टन फाटायला नको, म्हणून तो पुडा मी फोडलेलाच नाही.

लपवलं म्हणून तू रागावशील. रागव. पण तू त्या दिवशी ओरडली नसतीस, तर मी मोठ्याने वाचलं नसतं, आणि तिच्या पोटात भात गेला नसता. तुझ्या रागाचे माझ्यावर फार उपकार आहेत, पोरी. ती अशक्त आहे, पाणीही कमीच पिते. डॉक्टरांना आता सगळं खरं सांगू. गंधारलाही तूच सांग. फक्त त्याआधी एकदा तिच्या जेवणाच्या वेळी ये, समोर बसून बघ. मग तुम्ही दोघं ठरवाल, त्याला मी आडवा येणार नाही.

कौसल्याबाई माहीमला बहिणीकडे निघाल्यात, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि तुझा कालचा डबा पाठवतो आहे. यातला भात सगळा लीलाने खाल्ला, मी चवसुद्धा पाहिली नाही. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही तिची शिस्त तुला आठवत असेल. चिमूटभर साखर टाकल्याशिवाय ती झाकण लावत नसे. माझ्या हातून ते राहूनच जायचं.

आज झाकण उघडलंस की तळाशी साखर दिसेल. ती मी घातलेली नाही.

तुझ्या शिक्षेचा ऋणी,
बाबा