लाल डब्यातलं तेल

४ मार्च

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार. काकूलाही सांगा, नाहीतर माझे नमस्कार तुम्ही एकटेच ठेवून घेता.

दवाखान्याने अखेर मला मोटरसायकल दिली. आधीच्या नर्सबाई बदलून गेल्या, गाडी मागे राहिली. वस्त्या टेकडीवर विखुरलेल्या आणि बाळंतपण काही वेळ सांगून येत नाही, त्यामुळे ही गाडी म्हणजे आता माझे पायच. गेल्या महिन्यात इथल्या मेकॅनिकने क्लचप्लेटा नव्या टाकल्या. इंजिनचं ऑइल मात्र काळंकुट्ट झालंय. दुकानदार म्हणतो, कुठलंही ओता, इंजिनला काय कळतंय! डॉक्टरसाहेब म्हणतात, महाग असेल ते चांगलं. म्हटलं, ज्याने पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं त्यालाच विचारावं. सांगा, कोणतं घालू?

उत्तर लवकर धाडा. लोभ तेवढा पातळ होऊ देऊ नका.

तुमची भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र काकूने दोनदा वाचून दाखवलं. हे उत्तरही तीच लिहितेय, मी नुसता बोलतोय. मध्येच काही शहाणपणा आढळला तर तो तिचा समजावा.

दुकानदाराचं ऐकू नकोस, डॉक्टरांचं तर मुळीच नको. त्यांनी माणसं तपासावीत. मोटरसायकलला मोटरसायकलचंच तेल लागतं. पण तू डोकं शिणवू नकोस. गॅरेजच्या फळीवरचा एक लाल डबा काढून ठेवलाय, उद्याच्या बसने पाठवतो. झाकण उघडून दोन बोटांत चोळून पाहिलं, अव्वल माल आहे. काकू मागे लागलीय की आधी डोळे दाखवून या. मी म्हटलं, या धंद्यात माझी बोटंच वाचतात. यावर ती काय म्हणाली ते ती लिहायला तयार नाही.

जुनं तेल इंजिन गरम असताना काढ. चढावर गाडीला उगाच पिळू नकोस. आणि जेवत जा.

तुझ्यावर जीव असलेला,
काका


२ एप्रिल

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला, माफ करा.

मंगळवारी दुपारी वरच्या वस्तीवरून निरोप आला, एका बाईच्या कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण. मी लगेच निघाले. अर्ध्या चढावर क्लच घसरायला लागला. मूठ पिळली की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी पुढे सरकेना. शेवटी ती तिथेच टाकली आणि बॅग घेऊन पळत सुटले. पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. बाई वाचली. मुलगी झाली, पण रडली नाही. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. मला येत होतं ते सगळं करून पाहिलं.

डॉक्टर म्हणतात, वेळेवर पोचली असतीस तरी खात्री नव्हती. गाडीचं म्हणाल तर प्लेटाच खराब निघाल्या, दुसरं काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

प्लेटा खराब निघाल्या तर मी कशाला मनाला लावून घ्यायचं? तुझ्या त्या एका वाक्याने मला रात्रंदिवस चैन पडू दिली नाही. नव्या प्लेटा महिन्या-दोन महिन्यांत जात नाहीत. इंजिन ओरडतं आणि गाडी चढत नाही, आणि तेही तेल बदलल्यावरच, हे दुखणं मी डोळे मिटून ओळखतो. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. कारचा वेगळा आणि कोरडा असतो, म्हणून कारच्या तेलात जास्त निसरडं करणारी औषधं मिसळलेली चालतात. तीच मोटरसायकलच्या प्लेटांना पकड घेऊ देत नाहीत.

काल काकूला गॅरेजात नेलं. फळीवर लाल डबे दोन तऱ्हेचे होते, तिने एकेक वाचून दाखवला. मोटरसायकलचे सगळे जागेवर होते. कारच्यांतला एक कमी होता.

बोटांना तेलाचा पातळपणा कळतो, भिंगरी. आत काय मिसळलंय ते कळत नाही. वर्षभर मला अक्षरं धूसर दिसताहेत. गिऱ्हाईकं जातील या भीतीने मी कोणाला बोललो नाही. तू विचारलंस ते विश्वासाने, आणि मी मिजाशीत डबा पाठवला. आज गॅरेज बंद केलं. त्या बाईला काय सांगू ते मला सुचत नाही. तुला तरी काय सांगणार?

काका

ता. क. हे लिहिताना ते दोनदा उठून गेले. तू लवकर लिही. काकू.


१४ मे

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार.

गॅरेज बंद केलंत हे वाचून बरं वाटलं नाही, आणि उघडा असंही मला म्हणवत नाही. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. त्या डब्यावर कारचं चित्र होतं. तेल ओतताना मला ते दिसलं. मोटरसायकलला मोटरसायकलचंच, हे तुमचं वाक्यही आठवलं. क्षणभर हात थांबला. मग म्हटलं, काकांनी पाठवलंय, आपण कोण शंका घेणार! बस थांब्यावरून एक फोन केला असता तर भागलं असतं. तुमचे डोळे गेले होते काका, माझे तर शाबूत होते.

आता डब्याची मागची बाजूसुद्धा वाचल्याशिवाय झाकण उघडत नाही. नवं तेल घातलं, प्लेटा बदलल्या, गाडी चढ सहज चढते.

त्या बाईला मी खरं सांगितलं. उशीर गाडीमुळे झाला, आणि गाडी माझ्या चुकीमुळे थांबली. तिने विचारलं, किती उशीर? मी चाळीस मिनिटं म्हणाले. ती उठून आत गेली. त्यानंतर ती तपासायला दवाखान्यात आली नाही, म्हणून दर सोमवारी मीच वर जाते. पहिले दोन सोमवार दार उघडलं नाही. आता उघडते, रक्तदाब तपासू देते, पण माझ्याशी बोलत नाही. मी जात राहणार आहे.

तुम्ही डोळे दाखवून या. काकूच्या हातची पत्रं चालतील, पण आपल्या दोघांचं न बोलणं मला चालणार नाही.

तुमचीच,
भिंगरी