गौरीकडून मागून घेतलेले गोठ

आई, तुझे गोठ विकले. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सावकाश लिहिता येईल. तुला गोष्ट शेवटापासून ऐकायची सवय होती. मुंबईहून बाबांचं पत्र आलं की शाळेतून आल्याआल्या मला वाचायला बसवायचीस, आणि कुशलमंगल संपायच्या आत विचारायचीस, "गणपतीला येनार का नाय, ता बघ आदी." मग मी शेवटची ओळ शोधायचो. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हेही पत्र तुझ्या हातात पडून उपयोग नव्हताच. वाचून दाखवायला तू समोर नाहीस, एवढाच फरक.

गोठ म्हणजे तुझ्या आईने लग्नात घातलेले, आत लाख आणि वरून सोन्याचा पत्रा चढवलेले ते मनगटातले जाड, गोल दोन. दागिना म्हणण्यासारखं तुझ्याकडे तेवढंच. वर्षभर ते जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून भाताच्या कणगीत पुरलेले असायचे. गौरपूजेच्या दिवशी सकाळी तू कणगीत कोपरापर्यंत हात घालायचीस, गोठ काढायचीस, रिठ्याच्या पाण्यात घासायचीस, आणि पुसायला फडकं सापडेना म्हणून हातातच चढवायचीस. खरं कारण ते नव्हतं, हे मला आता कळतं. गौर सजेपर्यंत तेवढी सकाळच ते तुझ्या हातात असायचे. चुलीपुढे तू घावन घालते आहेस, हात वर गेला की गोठ कोपराकडे घसरतो आहे, खाली आला की मनगटावर येऊन थांबतो आहे. मी दारात उभा राहून ते बघतो आहे. घावनांच्या वासाने पोटात खड्डा पडलेला आहे.

एका वर्षी मी नैवेद्याआधीच टोपलीतलं वरचं घावन उचललं आणि तोंडात कोंबलं. तू वळलीस. "जल्ला तुजा भूक, गवर अजून उपाशी हाय," म्हणालीस आणि हात उगारलास. माझे डोळे मिटले. आवाज झाला तो गालावर नाही, चौकटीवर. गौरीच्या दिवशी पोरावर हात टाकायचा नाही म्हणून तू ऐन वेळी हात वळवला होतास, आणि डाव्या गोठाला आतल्या बाजूने चांगला बोटभर पोचा पडला होता. तू तो उजेडात धरून बघितलास. मला वाटलं, आता रडशील. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "हा तुज्या गालावर बसायचा व्हता." आणि इतकी हसलीस की तव्यावरचं घावन करपलं. ते करपलेलंही मलाच दिलंस.

गौर सजली की गोठ तिच्या हातात जायचे. तिला हात कसले, तेरड्याच्या रोपांना मुखवटा लावून साडी नेसवलेली. पदराखालून दोन काठ्या काढून तू त्यांत गोठ अडकवायचीस. पण मला आठवतं ते तिच्या जाण्याच्या दिवसाचं. मी सूप धरून दाराशी उभा असायचो, गौर पऱ्याच्या वाहत्या पाण्यावर पोचवायची असायची. सगळे आरतीला बाहेर जमलेले. तू आत एकटी तिच्यापुढे बसायचीस आणि शेजारणीशी बोलावं तसं हळू बोलायचीस, "गवराबाय, ल्यालीस, मिरवलीस. आता माजा माला दे नि सुकान जा. फुडल्या वर्साला ये, पुन्यांदा घालीन." मग जरा थांबायचीस, ती हो म्हणेपर्यंत थांबावं तशी. त्यानंतरच गोठाला हात लावायचीस. न मागता काढून घेतलेलं तुला चालत नसे. पाहुणीच्या अंगावरचं ओरबाडून घेतल्यासारखं होतं, असं तुझं म्हणणं.

तू गेलीस आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. तुझ्या सुनेने गोठ पाहिले ते गौरीसाठीच. ती दरवर्षी ते मनापासून घासते, घालते, आणि विसर्जनाच्या आधी काढून डबीत ठेवते. मागून घ्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला ते बायकांचं आपसातलं बोलणं वाटलं होतं. मीही मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागलो, बिऱ्हाड रत्नागिरीत आलं, गोठ कणगीतून बँकेच्या लॉकरमध्ये गेले. आपण देवाचं सगळं नीट करतो, अशी माझी समजूत होती.

तुझी नात आता मुंबईला इस्पितळात नर्स आहे. तू तिला पाहिलं नाहीस. तुझ्यासारखीच उभी राहून जेवते, घाईघाईत. तिला पुढचं शिक्षण घ्यायचं आहे. प्रवेश मिळाला, फी भरायची मुदत गणपतीनंतर लगेच होती. मी म्हटलं, आजीचे गोठ तुझ्या लग्नासाठी ठेवलेत, बाकी काही जुळवू. ती म्हणाली, "बाबा, वॉर्डात आम्हाला हातात धागासुद्धा चालत नाही. ते मी कधी घालणार? लग्नात एक दिवस घालून परत लॉकरमध्येच ना? मग लग्नात नको, आत्ता द्या." मला पटलं. तिच्या आईलाही पटलं. गौर झाली की विकायचे, असं ठरवून आम्ही गावी आलो.

काकीला, तुझ्या धाकट्या जावेला, कुणी सांगितलं कोण जाणे. आता तिला दिसतं कमी, ऐकू मात्र सगळं येतं. पूजेच्या दिवशी काठी टेकत आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाबू, गोठ इकतोस म्हनं. पन ते तुजे हायेत कुटं?"

मी म्हटलं, "काकी, आईचे ते. मग कुणाचे?"

"तुजी आवस दरवर्साला मागून घ्यायची. माज्याम्होरं नाय बोलायची, पन मागायची, माला म्हायत हाय. ती गेल्यावर कुनी मागितलान? नाय ना? मंग इतकी वर्सा ते गवरीचेच. ती बिचारी दरसाल हितंच ठेवून जाते आनि तुमी आपले समजून कुलूप लावताव."

बायको हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली. "अहो, हे मला कधी बोलला नाहीत," एवढंच म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "देवीचं असेल तर मी विकू देणार नाही. पोरीच्या शिक्षणाला तर नाहीच." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला कळलं की ती हटणार नाही. आणि आई, खरं सांगतो, मलाही ते हसण्यावारी नेता येईना. रोज दिवा लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही मी. ज्याच्यापुढे हात जोडतो त्याचीच वस्तू परस्पर विकायची, हे कसं जमणार? दुसरीकडे मुलगी अंगणात फोनवर कुणालातरी सांगत होती, फी भरते आहे, नक्की भरते आहे.

ती आत आली तेव्हा काकीनेच तोड काढली. "त्यात काय. उद्या मागून घ्या."

मुलगी म्हणाली, "आणि काकीआजी, देवी नाही म्हणाली तर?"

"नाय म्हनायला ती काय बँक हाय? बाये, मानसानं मागितला पायजे. कुनी मागतच नाय, तर ती तरी काय देनार?"

विसर्जनाच्या दिवशी बायको पुढे बसली. काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं, काकीने ते शब्द कधी ऐकलेले नव्हते. बायको मागे वळून म्हणाली, "तुम्हीच बोला. ऐकलंय ते तुम्हीच." मग मी सूप खाली ठेवलं आणि तुझ्या जागेवर बसलो. इतक्या वर्षांत ते शब्द एकदाही तोंडातून काढले नव्हते. मी शहरी मराठीत सुरुवात केली, ती पुढे जाईना. मग तुझ्यासारखंच बोललो. "गवराबाय, ल्यालीस, मिरवलीस. आता माजा माला दे नि सुकान जा. फुडल्या वर्साला ये..." आणि अडलो. पुढे 'पुन्यांदा घालीन' म्हणायचं होतं. ते कसं म्हणू? पुढल्या वर्षी घालायला गोठ असणार नव्हते. खोटं बोलून मागून घ्यायचं, तर न मागितलेलं काय वाईट होतं? बाहेर आरतीच्या झांजा सुरू झाल्या. मुखवट्याकडे बघवेना.

मागून मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी ये, तुला हिरव्या काचेच्या बांगड्या आणीन. माझ्या पगारातून."

काकी भिंतीला टेकून म्हणाली, "चालल तिला." मी थांबलो, तू थांबायचीस तेवढा. मग गोठ काढले. काठीवरून ते सहज निघाले. यात मी काही अर्थ शोधत नाही, काठ्या दरवर्षी त्याच असतात.

रत्नागिरीतल्या सोनाराने ते कसाला लावून बघितले, बोटाने टकटक करून आतली लाख ऐकली. म्हणाला, "मोडायचे, का आहेत तसे घेऊन पुढे विकू? हल्ली जुन्या घाटाचे गोठ शोधत बायका येतात. मोडले तर पत्रा तेवढा उरेल, लाख फेकून द्यायची." मला वाटत होतं, दुकानात गेलं की आगीत जाणार, तयारी करूनच गेलो होतो. दुसऱ्या कुणाच्या हातात ते जिवंत फिरतील, हे माझ्या डोक्यात आलेलंच नव्हतं. मी म्हटलं, आहेत तसेच विका. तो म्हणाला, "मग हा पोचा काढून घेतो." मी म्हटलं, तो राहू द्या. "काका, पोचा आलेला दागिना घेणार कोण?" मी पोचा बोटाने चाचपला. त्याने माझ्याकडे बघितलं, गोठ पुन्हा फिरवला आणि म्हणाला, "बरं. आतल्या बाजूला आहे. जुना आहे म्हणून खपेल." त्यानंतर काही दिवसांनी त्या रस्त्याने जाताना विचारलं, तर गेले म्हणाला. जोडीने गेले. कुणाकडे, ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलंही नसतं.

फी भरली. पोरगी परत अभ्यासाला लागली, फोनवर कमी बोलते. गौर पुढल्या वर्षी येईल तेव्हा काचेच्या बांगड्या असतील, आणि त्या परत मागायच्या की तिच्याबरोबर पाठवायच्या, यावर काकी आणि तुझी सून यांचं आत्तापासूनच वाजलं आहे. तुझ्यासारखं बोलायला बायको माझ्याकडून शिकली. तिच्या तोंडी ते जरा वेगळं वाटतं, पण थांबते ती बरोबर तेवढीच.

एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही. आता मासळीच्या लिलावाच्या वेळी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, बाजारात, एसटी स्टँडवर माझी नजर बायकांच्या मनगटांकडे जाते. या वयाला ते बरं दिसत नाही. परवा भाजीवालीपुढे बायकोने कोपराने ढोसलं, "काय बघताय हो?" मी म्हटलं, काही नाही, मेथी. एखादीच्या डाव्या हातात जाड, गोल काही दिसलं की मी जवळ जातो, आतल्या बाजूला पोचा दिसतो का बघतो. अजून दिसलेला नाही. पण दर वेळी, बघायच्या आधीच, माझा हात आपोआप गालावर जातो.