मोटरपर्यंत उघडी मेमरी

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात ऋतुराजशी पुन्हा भांडण. आमचं इलेक्ट्रॉनिक कार्ड यंत्रमागावर बसतं, कॅमेऱ्यातून कापड बघतं, दोष दिसला की माग थांबवतं. कार्डावर चित्रांची मेमरी, आणि तिला लागूनच मोटर चालू-बंद करणारा कप्पा, म्हणजे रजिस्टर. स्क्रीनवर कापड दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त चित्रं हवीत. यानं कार्ड हाताळणाऱ्या कोडमधून, ड्रायव्हरमधून, सगळंच मॅप करून दिलं, मोटरसकट उघडं — कुठपर्यंत मागितलंय, काही तपासणी नाही! म्हटलं, "मग कर्नेल कशाला आहे? प्रोग्रॅमना हद्दीत ठेवायलाच ना?" तो मान खाली घालून टाइप करत राहिला. केबिनमधून हंबीरराव साहेब, "चालतंय की. पळतंय न्हवं?"

११ नोव्हेंबर

दोन ओळींची तपासणी. तीही घालत नाही. डोकं उठलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

इचलकरंजीत आमच्या कार्डानं थांबवलेला माग आपोआप सुरू झाला. त्यावरची कामगार मीनाबाई तुटलेला धागा जोडत होती. दोन बोटं गेली. मागांच्या शेडचे मालक अण्णासो फोनवर, आणि आमचे साहेब त्यांना सांगतायत, "बाईचंच ध्यान नसंल." मी समोर उभी.

२० नोव्हेंबर

सापडलं. प्रोग्रॅम दोषावर लाल खूण काढतो, त्याच मेमरीत. दोष चित्राच्या अगदी खालच्या कडेला आला की खूण चित्राबाहेर जाते — थेट मोटरच्या रजिस्टरवर, आणि मोटर चालू होते. चित्रांपुरतंच मॅप केलं असतं तर प्रोग्रॅम तिथंच कोसळला असता. माग बंदच राहिला असता.

साहेबांना करून दाखवलं. "गुपचूप दुरुस्त करा. बाहेर बोलायचं न्हाई." ऋतुराज शेजारी, गप्प. त्या गप्प बसण्याची किळस आली.

२१ नोव्हेंबर

दवाखान्यात मीनाबाईला भेटले. मलाच समजावत होती, "माझंच चुकलं बाई. मालक म्हनत्यात." तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग बाकीच्या बायका आज कशा काम करत्यात?"

बाहेर येऊन साहेबांना फोन केला, माग बंद ठेवायला सांगा म्हणून. "सोमवारी बघू." फोन ठेवला त्यांनी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऋतुराजचा फोन, शेडमधून. सकाळीच गेलाय. अण्णासोंना सांगितलं म्हणे, "ड्रायव्हर मी लिवलाय. बाईची चूक न्हाई, माझी हाय." सगळे माग थांबवलेत, कार्डं काढतोय. साहेबांना विचारलेलं नाही. "येतीस का? एकट्याला उरकंना."

निघाले.